हप्ता थकला तर सांगावं

(सामुदायिक रेडिओवरील भाषण)



मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. शाखा इलेक्ट्रिकल. गाव सोलापूर जिल्ह्यातलं, कॉलेज पुण्यात. रेडिओच्या ताई मला म्हणाल्या, "आपल्या ऐकणाऱ्या बायकांची पोरं शहरात शिकायला आहेत. तिथं नेमकं काय चालतं हे त्यांना कोणी सांगत नाही. तू सांग." मी हो म्हटलं. पण खरं सांगायचं तर आधी माझी स्वतःची एक चूक सांगावी लागेल. तिथूनच सुरुवात करते.

२०२२ साली माझा प्रवेश झाला. आमची निम्मी फी माफ झाली होती. पण वसतिगृह, मेस, पुस्तकं, ड्रॉइंगचं सामान, हे सगळं होतंच. आईनं गटातून वीस हजार रुपये उचलले. शेकडा दोन रुपये व्याज. गटातल्या बायकांनी एका बैठकीत होकार दिला. एक काकू म्हणाल्या, "पोरगी इंजिनिअर होतीय, तिला नाही द्यायचं तर कुणाला द्यायचं?" हे आईनं मला फोनवर तीनदा सांगितलं.

पुण्यात आले आणि पहिल्याच आठवड्यात माझी बोटं थंड पडली. दहावीपर्यंत मी मराठी शाळेत शिकले. अकरावी-बारावीला पुस्तकं इंग्रजी होती, पण सर समजावून सांगायचे मराठीतच. इथं सगळं इंग्रजीत. गणिताच्या तासाला फळा तीनदा भरायचा आणि तीनदा पुसला जायचा. शंका विचारायला हात वर करावा, तर आधी मनातल्या मनात वाक्य जुळवायचं. ते जुळेपर्यंत तास संपलेला. दहावीला शाळेत पहिली आलेली मी, मागच्या बाकावर जाऊन बसायला लागले.

पहिल्या वर्षाचा निकाल लागला. मी दोन विषयांत नापास. गणित आणि मेकॅनिक्स.

आता एक गोष्ट तुम्हाला माहीत असायला हवी. इंजिनिअरिंगमध्ये एखाद-दोन विषय राहिले तर पुढच्या वर्षात जाता येतं. त्याला एटीकेटी म्हणतात. राहिलेला विषय पुन्हा परीक्षा देऊन सोडवायचा. पण आमच्याकडे तिसऱ्या वर्षात जायचं तर पहिल्या वर्षाचे सगळे विषय सुटलेले असावे लागतात. नाहीतर वर्ष वाया जातं. म्हणजे हे आभाळ कोसळणं नव्हे, पण ढग आलेत एवढं खरं.

आईचा फोन आला. "लागला का गं निकाल?" मी म्हटलं, "हो. पास झाले."

दोनच शब्द. आईनं पाव किलो पेढे आणले आणि गटाच्या बैठकीत वाटले. सुट्टीत मी घरी गेले तेव्हा त्यातला एक पेढा तिनं माझ्यासाठी डब्यात ठेवला होता. तो मी तिच्यासमोर खाल्ला. मैत्रिणींनो, तो पेढा गिळताना काय वाटलं ते मला अजून सांगता येत नाही.

एकदा खोटं बोललं की त्याला रोज खतपाणी घालावं लागतं. "अभ्यास कसा चाललाय?" "छान." "सर चांगले आहेत का?" "हो." मी घरी फोन करणं कमी केलं. आई शेजारणीला सांगायची, पोरीला अभ्यासातून सवड नसते.

मी एकटीच असं करते, असं मला वाटायचं. तसं नव्हतं. वर्गातला एक मुलगा कॉलेजला यायचाच बंद झाला. तो पुण्यातच खोलीवर राहायचा, पण चार विषय राहिल्यामुळे त्याचं वर्ष गेलं होतं. घरच्यांना वाटत होतं, तो आमच्याबरोबर दुसऱ्या वर्षात आहे. दर महिन्याला घरून पैसे यायचे, तो ते घ्यायचा आणि दिवसभर खोलीत झोपून राहायचा. अशी मुलं प्रत्येक कॉलेजात आहेत. घरी सांगता येत नाही, मित्रांना सांगायची लाज वाटते. काही मुलं या ओझ्याखाली जिवाचं बरंवाईट करून घेतात, हे तुम्ही बातम्यांत ऐकता.

आता दुसऱ्या वर्षाच्या दिवाळीची गोष्ट. आमच्या गटाची पिठाची गिरणी आहे, मिरची कांडपयंत्रही आहे. ऐन दिवाळीत, चकलीच्या भाजणीचे डबे रांगेत असताना, गिरणीची मोटार जळाली. धूर निघाला, वास सुटला. आई धावत घरी आली. "चल गं, बघ जरा. तू विजेचंच शिकतेस ना?"

मी गेले. दहा-बारा बायका उभ्या होत्या. सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. मी मोटारीकडे बघत होते. मावश्यांनो, याच मोटारीवर मी परीक्षेत चार पानं लिहिली होती. आकृती काढली होती. सूत्रं लिहिली होती. त्या विषयात मला चांगले मार्क होते! पण समोरची मोटार का जळाली, हे मला सांगता येईना. झाकण कुठून उघडायचं हेही कळेना.

शेवटी मोटार टेम्पोत घालून तालुक्याला भरायला नेली. मोटारी भरणारे काका आठवी शिकलेले. त्यांनी झाकण काढलं, आतल्या तारांच्या गुंडाळीकडे एकदा पाहिलं आणि म्हणाले, "फेज गेला होता." मी विचारलं, "कसं कळलं?" ते म्हणाले, "भार जास्त होऊन जळाली असती तर सगळ्या गुंडाळ्या सारख्या काळ्या झाल्या असत्या. इथं बघ, काही काळ्याठिक्कर आणि मधल्या कोऱ्याच्या कोऱ्या. तीनपैकी एक फेज गेला की उरलेल्यांवर सगळा भार येतो. मोटार थांबत नाही, घुरघुरत राहते आणि आतून भाजत जाते."

मोटार थांबत नाही, घुरघुरत राहते आणि आतून भाजत जाते. मला वाटलं, हे माझंच वर्णन चाललंय.

त्या रात्री स्वयंपाकघरात आईला सगळं सांगितलं. दोन विषय राहिले होते. एक सुटला, गणित अजून राहिलंय. तू पेढे वाटलेस तेव्हा मी नापास होते.

आई बराच वेळ काही बोलली नाही. भाकरी थापत राहिली. मला वाटलं, आता रडेल नाहीतर मारेल. मग ती म्हणाली, "गटात एखादीचा हप्ता थकला तर ती काय करते?"

मी म्हटलं, "बैठकीत सांगते."

"का सांगते?"

"नियम आहे म्हणून."

"नियम कशाला केलाय? तिनं सांगितलं तर आम्ही बघतो काय करायचं ते. एखादी म्हणते पुढच्या महिन्यात दे, एखादी तिच्या वाटचे भरते. हप्ता थकला म्हणून कुठला गट मोडत नाही. लपवलं की मोडतो. तू नापास झालीस त्याचं मला काही नाही. दीड वर्ष एकटीच भाजत बसलीस, त्याचं वाईट वाटतंय."

माझ्या कॉलेजात मोठमोठ्या पदव्या असलेले पाहुणे येऊन भाषणं देतात. पण चौथी शिकलेल्या माझ्या आईनं त्या रात्री जे सांगितलं, ते मला कुणी सांगितलं नव्हतं.

दुसरं सत्र सुरू झालं. वसतिगृहात आम्ही सहा मुलींनी रविवारची बैठक सुरू केली. अगदी गटासारखी. गोल बसायचं आणि प्रत्येकीनं सांगायचं, माझं काय थकलंय. कुणाचं गणित, कुणाची फी, कुणाला इंग्रजीत तोंडी परीक्षा द्यायची भीती. पहिल्या रविवारी कुणी बोलेना. मी सुरुवात केली. मग कळलं, सहापैकी चौघींचे विषय राहिले होते आणि चौघींनीही घरी सांगितलं नव्हतं.

मला गणित कुणी शिकवलं ते सांगते. आमच्यातल्या एका मैत्रिणीचे आईवडील ऊसतोडीला जातात. तिचं निम्मं शिक्षण कारखान्याच्या खोपीत, निम्मं गावात आजीजवळ झालेलं. वसतिगृहात आल्याबरोबर तिला काही मुलींनी पहिला प्रश्न काय विचारला असेल? नाव नाही, गाव नाही. "तुझी कॅटेगरी कोणती?" आणि मग मागून कुजबुज, हिला कमी मार्कांवर जागा मिळाली. शिकलेल्या लोकांत जात नसते असं मला गावात वाटायचं. असते. फक्त ती इंग्रजीतून विचारली जाते. तर त्या मैत्रिणीचं गणित आमच्या सगळ्यांत पक्कं निघालं. तिनं मला शून्यापासून शिकवलं, मराठीतून. दुसऱ्या वर्षाच्या शेवटी माझं गणित सुटलं. वर्ष वाचलं. या वेळी आईनं पेढे आणले नाहीत. म्हणाली, "पदवी हातात पडू दे, मग एकदमच आणू."

मुलींचं आणखी एक सांगते. प्रयोगशाळेत चौघांचा गट असतो. तारा जोडायच्या, मीटर लावायचा, यंत्र चालू करायचं. दोन मुलं पुढं होतात आणि मुलींना म्हणतात, "तुमचं अक्षर चांगलं आहे, तुम्ही रीडिंग लिहा." वाईट हेतूनं म्हणत नाहीत. पण चार वर्षं मुलगी रीडिंगच लिहीत राहिली तर तिच्या हाताला पक्कड लागणार कधी? गिरणीपुढं मी का अडले, त्याचं अर्धं उत्तर इथं होतं. उरलेलं अर्धं उत्तर पाठांतरात आणि एकमेकांच्या फायली उतरवून काढण्यात. सबमिशनच्या आठवड्यात अख्खा वर्ग हेच करतो, मीही केलं. दिवाळीनंतर मी ठरवलं, पक्कड आधी मी घेणार. पहिल्यांदा मुलं हसली. मग सवय झाली.

शेवटच्या वर्षी आम्हाला एक प्रोजेक्ट करावा लागतो. कॉलेजच्या आसपास दुकानं आहेत, तिथं तो तयार मिळतो. पैसे दिले की खोकं, अहवाल, सगळं हातात. बरीच मुलं तेच करतात. आम्ही तिघींनी ठरवलं, गिरणीसाठी काहीतरी करायचं. एक फेज गेला की मोटार आपोआप बंद व्हावी आणि भोंगा वाजावा. असं उपकरण बाजारात आधीपासून मिळतं, त्याला सिंगल फेज प्रिव्हेंटर म्हणतात. आम्ही काही नवा शोध लावला नाही. पण त्यातली प्रत्येक तार कुठं जाते आणि का जाते, हे आम्हाला माहीत आहे. पहिल्यांदा गिरणीवर बसवलं तेव्हा फजिती झाली. गावातली वीज कमी-जास्त झाली की आमचं यंत्र दर पाच मिनिटांनी मोटार बंद करायचं. दळणाला आलेल्या बायका वैतागल्या. एक आजी म्हणाल्या, "पोरी, तुझं मशीन लई भित्रं आहे." मग आम्ही त्यात काही सेकंद थांबून खात्री करायची सोय केली. आता ते बरं चाललंय. त्या आजींचं वाक्य मी सरांना सांगितलं, तर ते म्हणाले, अहवालात लिही.

ज्यांच्या गटाची गिरणी, शेवया यंत्र किंवा कांडपयंत्र तीन फेजवर चालतं, त्यांनी एवढं लक्षात ठेवा. मोटारीचा आवाज बदलला, घुरघुर ऐकू आली किंवा वेग मंदावला, तर दळण अर्धं राहिलं तरी चालेल, आधी मोटार बंद करा. प्रिव्हेंटर बसवलेला नसेल तर तो जाणत्या वायरमनकडून बसवून घ्या. मोटार भरायला जो खर्च येतो त्यापेक्षा तो स्वस्त पडतो. आणि झाकण स्वतः उघडायला जाऊ नका.

आता पैशाबद्दल बोलते, कारण गटातल्या बायकांना तो प्रश्न पहिला पडतो. २०२४-२५ या वर्षापासून महाराष्ट्र शासनानं व्यावसायिक शिक्षण घेणाऱ्या मुलींची शिकवणी फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ केली आहे. त्यासाठी कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत हवं. प्रवेश सरकारी फेऱ्यांतून, म्हणजे कॅप राउंडमधून झालेला हवा. मॅनेजमेंट कोट्यातून प्रवेश घेतला तर ही सवलत नाही. त्यामुळे कोणी एजंट येऊन "सीट देतो" म्हणाला तर घाई करू नका. अर्ज महाडीबीटीच्या पोर्टलवर भरायचा असतो, आणि बँकेचं खातं आधारला जोडलेलं लागतं. उत्पन्नाचा दाखला, अधिवास दाखला, जातीचा दाखला आणि जात पडताळणी, लागू असेल तिथं नॉन-क्रिमीलेअर, ही कागदं मुलगी अकरावीत असतानाच जमवायला घ्या. जात पडताळणीला वेळ लागतो. बारावीच्या निकालानंतर धावपळ केली तर हातची जागा जाते. वसतिगृह आणि मेसचा खर्च मात्र या माफीत येत नाही. त्यासाठी निर्वाह भत्त्याच्या वेगळ्या योजना आहेत. कॉलेजच्या शिष्यवृत्ती विभागात जाऊन विचारायचं, लाजायचं नाही.

नोकरीचंही खरं सांगते. तुम्ही ऐकता, अमक्याच्या मुलाला तीन लाखांचं पॅकेज मिळालं. ते वर्षाचं असतं! महिन्याचे होतात पंचवीस हजार, त्यातून कपात होते, मग खोलीचं भाडं, मेस, प्रवास. पहिल्या वर्षी घरी पाठवायला फारसं उरत नाही. आणि ही नोकरी सगळ्यांना मिळते असंही नाही. माझ्या हातात अजून नोकरी नाही. दोन कंपन्यांच्या मुलाखतींत मी नापास झाले. हे दोन्ही वेळा त्याच संध्याकाळी आईला सांगितलं.

एक जुनी गोष्ट सांगते. मद्रासला ए. ललिता नावाच्या बाई होत्या. पंधराव्या वर्षी लग्न झालं, अठराव्या वर्षी नवरा गेला, पदरात चार महिन्यांची मुलगी. त्या काळी अशा बाईचं पुढं काय व्हायचं ते तुम्हाला सांगायला नको. पण त्यांचे वडील गिंडीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवत होते. ते मुलीच्या पाठीशी उभे राहिले. १९४० साली ललिताबाईंनी त्याच कॉलेजात प्रवेश घेतला आणि १९४३ साली त्या इलेक्ट्रिकल इंजिनिअर झाल्या. भारतातल्या पहिल्या स्त्री इंजिनिअरांपैकी त्या एक. त्यांच्या पदवीच्या कागदावर 'तो' असं छापलेलं होतं, कारण मुली येतील असं कुणाला वाटलंच नव्हतं. ते खोडून हातानं 'ती' लिहावं लागलं. मला या गोष्टीत पदवीइतकंच ते घर महत्त्वाचं वाटतं. अडलेल्या पोरीला जिथं खरं बोलता येतं, असं घर.

म्हणून शेवटी माझं तुमच्याकडे एवढंच मागणं आहे. पोरांना फोन केलात की "पास झालास का?" हा एकच प्रश्न विचारू नका. "तुझं काय थकलंय?" असं विचारा. इंग्रजी येत नाही म्हणून मागं राहू नका, त्यांना मराठीतच विचारा, आज काय शिकलास ते मला समजावून सांग. सांगता आलं तर त्याला समजलंय, नाही आलं तर त्यालाही कळेल. निकालाच्या आधीच एकदा सांगून ठेवा, विषय राहिला तरी तू घरी ये, जेवण तयार असेल. फोन कमी झाले, सुट्टीतही पोरगं घरी येईना, तर एकदा एसटीनं जाऊन बघून या. मुलाच्या बोलण्यात जगण्याचा कंटाळा दिसला तर १४४१६ हा सरकारचा टेलिमानस क्रमांक आहे, तिथं मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. आणि कुणी रॅगिंग करत असेल, छळत असेल, तर १८००-१८०-५५२२ या क्रमांकावर तक्रार करता येते. हे दोन्ही नंबर गटाच्या वहीत शेवटच्या पानावर लिहून ठेवा.

पुढच्या महिन्यात माझी शेवटची परीक्षा आहे. निकाल लागला की मी गावाला येणार आहे. पास असो, नापास असो, आईच्या गटाच्या बैठकीत तो मी स्वतः वाचून दाखवणार आहे. ज्यांनी वीस हजार दिले, त्यांना हिशोब द्यायलाच हवा.